चाकांवरच्या घराचा आस

अमेरिकेत मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या प्रवासी ट्रेलरांचा, म्हणजे चाकांवरच्या घरांचा, वृत्तांत ज्यांनी लिहिला, त्यांनी बहुधा त्या घरांच्या भिंती आणि छप्परे, त्यांतील निजण्याबसण्याची सोय, कारखानदारांची भाग्ये आणि त्यांच्या जाहिराती यांचा तपशील मोठ्या हौसेने नोंदविला आहे. परंतु ज्याच्यावर ते सगळे बिऱ्हाड तोललेले असते, त्या आसाविषयी त्यांच्या लेखनात क्वचितच चार ओळी आढळतात. घर रस्त्यावरून तिरपे का चालू लागले, टायरांची आतली कडच तेवढी का झिजली, सपाट रस्त्यावरही मोटारीला ओढ का जाणवू लागली, या प्रश्नांचे उत्तर मात्र भिंतींत किंवा छपरांत सापडत नाही. ते शोधण्यासाठी घराखाली वाकूनच पाहावे लागते, आणि तेथे जे दिसते, त्याचा इतिहास घराच्या इतिहासाहून पुष्कळ जुना आहे.

आसाचे दुखणे समजून घ्यावयाचे, तर त्याच्यावर भार कोणत्या जागी येतो हे प्रथम पाहिले पाहिजे. घराचे ओझे चाकांवर थेट पडत नाही. ते सांगाड्यातून कमानपाट्यांवर आणि कमानपाट्यांतून आसावर, चाकांपासून थोडे आत, असे दोन ठिकाणी उतरते. उलट, रस्ता मात्र चाकांच्या द्वारे आसाची दोन्ही टोके सतत वर रेटीत असतो. कावडीची काठी भाराने लवते तेव्हा तिची टोके खाली जातात आणि खांद्यावरचा मध्य वर राहतो. आसाच्या ठिकाणी हाच प्रकार उलटा होऊन टोके वर जातात व मध्य खाली बसतो. मध्य खाली बसला की आसाची खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते, आणि दोन्ही चाकांचे माथे एकमेकांकडे कलतात. म्हणून जाणता कारागीर असा आस अगदी सरळ घडवीत नाही. तो त्याला मध्यभागी किंचित वर उचललेला, म्हणजे बुद्धिपुरस्सर वाकलेला, असा घडवितो, आणि नेमलेले ओझे चढताच तो सरळ होऊन चाके जमिनीवर उभी राहतात. रिकामा असता वाकडा आणि भरला म्हणजे सरळ, हा अशा आसाचा धर्म होय. कारखान्यातून बाक घेऊन निघालेला आस घर रिकामे असतानाच सरळ दिसू लागला, तर तो बसला, असे समजावे.

ही विद्या ट्रेलरांच्या कारखान्यांत जन्मलेली नाही. इंग्लंडातील आणि अमेरिकेतील जुने गाडेकारागीर चाक सपाट न करता किंचित खोलगट करीत, आरे तुंब्यातून निघून बाहेरच्या अंगास कलतील असे बसवीत, आणि आसाची टोके त्याच प्रमाणात खाली झुकवीत. या युक्तीमुळे चाक फिरत असताना ज्या आऱ्यावर त्या क्षणी भार यावयाचा, तो जमिनीशी नेमका उभा येई, आणि घोड्याच्या चालीबरोबर गाडा डावीउजवीकडे झोके घेई तेव्हा तो बाजूचा रेटाही चाकाला सोसता येई. या कामात सूत्रे आणि कोष्टके नव्हती. साचे, दोरी, डोळा आणि वडिलोपार्जित शिरस्ता एवढाच काय तो सरंजाम होता. पेनसिल्व्हेनियातील लँकॅस्टर परगण्यात अठराव्या शतकात जो कोनेस्टोगा गाडा प्रसिद्धीस आला, त्याचे आस लाकडी होते. मागल्या बाजूस वंगणाचे डांबर भरलेले मडके टांगलेले असे, आणि चाक काढून आसाला वंगण देण्यासाठी जॅक नेहमी बरोबर असे. यांपैकी पुष्कळ जॅक आज तेथील संग्रहालयांत जपून ठेवलेले असून त्यांच्यावर मालकाची आद्याक्षरे आणि साल कोरलेले आढळते. गाड्याच्या इतर कोणत्या सामानावर गाडीवानाने इतक्या आपलेपणाने आपले नाव घातले असेल, असे मला वाटत नाही.

पुढे १८४० नंतर ऑरेगनच्या वाटेने सुमारे २००० मैलांचा मुलूख ओलांडून जाणाऱ्या कुटुंबांची गाठ याच लाकडी आसाशी पडली. मिसुरी नदीच्या काठावरून निघताना जाणते लोक एखादा आस जादा घेऊन तो गाड्याच्या पोटाखाली बांधीत, कारण पुढे गवताळ मैदानांत शेकडो मैल इमारती लाकडाचे झाड दृष्टीस पडत नसे. आणि ज्यांच्यापाशी जादा आस नसे, ते पुढचा किंवा मागचा आस मोडला म्हणजे गाडा मधोमध कापून त्याची दोन चाकांची गाडी करीत व सामानातील जड जिनसा वाटेवर टाकून देत. चार चाकांवर निघालेला संसार दोन चाकांवर आला, तो नदीमुळे किंवा दरोड्यामुळे नव्हे, तर एका लाकडाच्या तुळईमुळे. स्थलांतरितांच्या धैर्याविषयी जे लिहिले जाते ते सगळे खरे आहे. परंतु त्या धैर्याला आसाच्या मर्यादेबाहेर जाता येत नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

इंडियाना प्रांतातील साउथ बेंड या गावी १८५२ साली हेन्री आणि क्लेमंट स्टुडबेकर या बंधूंनी लोहारकामाचे दुकान घातले, आणि त्यातून गाड्यांचा एवढा मोठा कारखाना वाढला की यादवी युद्धात उत्तरेच्या लष्कराने त्यांच्याकडून गाडे घेतले. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या इतर कारखानदारांच्या गाड्यांत आसाला बळकटी आणण्याचे दोन उपाय रूढ झाले. पहिला असा, की लाकडी आसाच्या टोकांवर ओतीव लोखंडाचे निमुळते टोपण बसवावे, म्हणजे तुंबा लाकडावर न घासता लोखंडावर घासेल. दुसरा उपाय माझ्या मते अधिक महत्त्वाचा. आसाच्या पोटाखालून एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत लोखंडी गज ताणून बसवावयाचा, असा तो प्रकार होता. लाकूड वरच्या बाजूने दाब सोसते. खालच्या बाजूला जो ताण येतो तो गज आपल्या अंगावर घेतो. त्या काळच्या आगगाडीच्या लाकडी डब्यांखालीही असेच गज लावलेले असत. आस जाड केला तर गाडा जड होतो आणि बैल किंवा घोडे दमतात. ज्या बाजूला ताण आहे तेवढीच बाजू बांधून काढली तर थोड्या लोखंडात मोठे काम होते. बळकटी कोठे द्यावी, हा प्रश्न बळकटी किती द्यावी या प्रश्नाच्या आधी येतो, ही गोष्ट त्या गाडेवाल्यांना शाळा न शिकता कळली होती.

शाळा शिकलेल्यांना ती कळण्यासाठी एक भीषण प्रसंग घडावा लागला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मदोंपाशी तुटला, डबे एकमेकांवर चढून त्यांना आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. दक्षिण ध्रुवप्रदेशाचा शोध घेऊन परतलेला विख्यात दर्यावर्दी द्युमाँ दुर्वील हा त्यांतच सहकुटुंब गेला. धडधाकट दिसणारा लोखंडी आस अचानक तुटतो कसा? हादऱ्यांनी लोखंडाचा पोत बदलून ते खडीसाखरेसारखे कणीदार होते, अशी तेव्हाची सार्वत्रिक समजूत होती. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने १८४३ साली ती खोडून काढली: आसाची जाडी जेथे एकदम कमी होते, त्या काटकोनी खांद्यापाशी बारीक चीर पडते आणि ती हळूहळू आत सरकत जाते, असे त्याने तुटलेले आस तपासून दाखविले व खांदे गोलसर करण्याची तजवीज सुचविली. त्यानंतर जर्मनीत ऑगस्ट व्योलर याने वर्षानुवर्षे यंत्रावर आस फिरवून, एका वेळी सहज सोसवणारा भार लक्षावधी वेळा आला म्हणजे तोच लोखंडाला तोडतो, हा सिद्धांत प्रयोगांनी स्थापित केला. आज विमानापासून पुलापर्यंत ज्या शास्त्राचा आधार घेतला जातो, धातूच्या थकव्याचे ते शास्त्र गाडीच्या आसातून निघाले आहे. ट्रेलरच्या आसाला ठिगळ लावणाऱ्या प्रत्येकाने हे दोन संशोधक काय म्हणाले ते समजून घ्यावे, असे मला आग्रहाने वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

केवळ हौसेसाठी चाकांवर घर करून हिंडण्याची कल्पना प्रथम इंग्लंडात नावारूपास आली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या आरमारी वैद्याने १८८५ साली ‘वाँडरर’ नावाचे घोड्यांचे फिरते घर ब्रिस्टल येथे बांधवून घेऊन त्यातून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. अमेरिकेत या हौसेला व्यापक रूप आले ते फोर्डच्या स्वस्त मोटारीमुळे. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ या नावाने हौशी प्रवाशांचा संघ स्थापन झाला. त्यांच्यापैकी अनेकांच्या गाड्या घरच्या घरी बनविलेल्या होत्या, आणि भंगारात निघालेल्या मोटारीचा पुढचा किंवा मागचा आस उपटून त्याच्यावर लाकडी खोली चढवावयाची, हाच त्या काळचा सर्वसाधारण रिवाज होता. ज्या आसाने दुसऱ्या वाहनाखाली आपली उमेद खर्च केली, त्याच्याच माथी नवे बिऱ्हाड आले. १९२९ साली डेट्रॉइटचा आर्थर शर्मन हा जंतुशास्त्रज्ञ उभारण्यास कटकटीच्या तंबूट्रेलरला कंटाळून मॅसोनाइटच्या फळ्यांची बंदिस्त खोली चाकांवर घालतो काय, आणि थोड्याच वर्षांत त्याची ‘कव्हर्ड वॅगन’ ही कंपनी या धंद्यात अग्रेसर होते काय, हा सगळा प्रकार मंदीच्या दिवसांत घडला हे विशेष. त्याच दशकात साउथ बेंडच्या शेजारचे एल्कहार्ट हे गाव ट्रेलरांच्या कारखान्यांनी भरू लागले. गाड्यांचे कारखाने जेथे मावळले, तेथून थोड्याच मैलांवर हा नवा धंदा रुजला, हा नुसता योगायोग नसावा. सुतार आणि लोहार त्याच मुलखातले होते.

परंतु गाडेवाल्यांची सगळी विद्या या नव्या कारखान्यांत उतरली नाही. गिऱ्हाईक आत शिरताच पलंग, चूल, बर्फपेटी आणि पडदे पाहते. आस कोणी पाहत नाही, आणि जे पाहिले जात नाही तेथे काटकसर होते. वॉली बायम या ऑरेगनच्या गृहस्थाने खोलीची जमीन आसाच्या वर न ठेवता चाकांच्या मधोमध खाली उतरविली, त्यामुळे आत माणसाला ताठ उभे राहता येऊ लागले. ही सुधारणा खरोखर मोलाची होती, आणि १९३६ साली त्याच्या ‘एअरस्ट्रीम’ कंपनीने काढलेली ॲल्युमिनियमची ‘क्लिपर’ गाडी तिच्या घाटाबद्दल अजून नावाजली जाते. पण जमीन खाली आली की आस आणि जमीन यांच्यामधील जागा आटते, आणि खळगा आला म्हणजे पाट्यांना खेळावयास पुरेसा वाव राहत नाही. त्यातच ओझे वाढत गेले. अमेरिकन गॅलनभर पाण्याचे वजन ८.३ पौंड भरते. चाळीस गॅलनांची टाकी भरली की सुमारे ३३० पौंड केवळ पाण्याचे झाले, आणि हे पाणी आसावर नेमके कोठे येते, याचा हिशेब घरमालक सहसा करीत नाही. कारखान्याच्या पाटीवर लिहिलेले ओझे निराळे आणि भरल्या संसाराचे ओझे निराळे, ही या धंद्यातील जुनी व्यथा आहे.

बायमने डिसेंबर १९५१ मध्ये मेक्सिको व मध्य अमेरिकेकडे जो तांडा नेला, त्यात निघताना ६३ ट्रेलर होते. निकाराग्वाच्या मानाग्वा शहरी त्यांतील १४ पोहोचले. गाळ, दगड आणि खळगे यांनी सांगाडे, पाटे आणि आस यांची अशी परीक्षा घेतली की जी कारखान्याच्या अंगणात कधीच झाली नसती. याचे श्रेय बायमला दिलेच पाहिजे की त्याने हे तांडे थांबविले नाहीत. १९५९ साली त्याने केपटाऊनहून कैरोच्या दिशेने आफ्रिकेचा प्रवास आरंभिला, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९६३-६४ मध्ये सिंगापूरहून निघून लिस्बनला गेलेला त्याच्या अनुयायांचा तांडा आपल्या देशातूनही गेला. गाडी कोठे मोडते हे पाहण्यासाठी ती मोडेपर्यंत नेणे, हीही एक प्रकारची पैमाईशच होय.

मोडलेली किंवा वाकलेली गाडी सावरणारे मात्र महामार्गाकाठच्या कमानपाट्यांच्या दुकानांतील आणि वेल्डिंगच्या आवारांतील कारागीर होते, आणि त्यांचे काम पाहण्याजोगे असते. ट्रेलर सपाट काँक्रीटवर आणून, प्रवासात असते तेवढेच सामान आत ठेवून, तो थोडा पुढे ओढून उभा करतात, म्हणजे मागे ढकलताना टायरांत भरलेला पीळ निघून जातो. मग चाक हलवून बेअरिंग ढिले नाही ना याची खात्री करतात, कारण ढिल्या बेअरिंगमुळे कललेले चाक वाकलेल्या आसाचा खोटा आरोप आणते. चाकाच्या कडेशी ओळंबा धरून माथा किती आत आला हे पाहतात. तुंब्याच्या उंचीवर दोन्ही चाकांमधील अंतर पुढून आणि मागून मोजून चाके नाकाशी मिळतात की फाकतात हे ठरवितात. हे सगळे आकडे खडूने टायरवर लिहिलेले असतात. त्यानंतर आसाच्या खाली जाड लोखंडी तुळई आडवी ठेवून, दोन्ही टोकांपाशी साखळ्यांनी ती आसाला जखडतात, आणि मध्यभागी तुळई व आस यांच्यामध्ये हायड्रॉलिक जॅक बसवून दांडा हळूहळू दाबू लागतात. साखळ्या ताठ होतात, एखादी कडी करकरते, आस मध्यावर उचलला जातो; जॅक सोडताच तो बहुतेक पूर्वपदावर येतो, कारण पोलादाला आपला आकार सोडवत नाही. पुन्हा दाब, थोडा अधिक. पुन्हा सोडणे, पुन्हा ओळंबा. किती पुढे नेले म्हणजे किती मागे येईल, हा अंदाज ज्याच्या हाताला आला, तोच या कामातला उस्ताद. घाई केली तर आस हव्याहून पलीकडे जातो, आणि पुन्हा उलटा वाकवावा लागतो. एकाच जागी पुनःपुन्हा वाकविलेले पोलाद काय करते, हे व्योलरने सांगून ठेवले आहे.

हे सर्व थंड स्थितीत करावयाचे. ज्वाला लावली की काम सोपे होते, म्हणून अर्धवट शिकलेले लोक लगेच ती लावतात. पण आसाच्या नळीला कारखान्यात आलेले बळ तापविल्याने उतरते, आणि आज सरळ झालेला आस पुढल्या मोसमात त्याच जागी अधिकच बसतो. चाक ज्या खुंट्यावर फिरते तो वाकला असेल किंवा कोठे चीर दिसत असेल, तर दुरुस्तीचा मोह सोडून आस बदलणेच योग्य. नळीचा बाक तेवढा दुरुस्तीस पात्र असतो.

बळकटीचे काम यानंतरचे. वाकलेल्या आसाला आहे तसाच आधार जोडला, तर दोष तेथेच कायमचा जखडला जातो. म्हणून आधी सरळ करणे आणि मग बांधणे हा क्रम कधीही उलटा करू नये. आधार कोठे द्यावयाचा, याचे उत्तर स्टुडबेकरच्या काळात मिळालेलेच आहे: पोटाखाली, ताणाच्या बाजूला, एका पाट्याच्या बैठकीपासून दुसऱ्या बैठकीपर्यंत लांबलचक पट्टी किंवा काटकोनी लोखंड, ज्याची टोके एकदम न थांबता निमुळती होत जातात. परंतु येथेच रँकिनचा इशारा ऐकावा लागतो. आसाच्या पोटावर आडवे वेल्डिंग केले, की जेथे सर्वाधिक ताण आहे तेथेच चिरेला जन्म मिळतो. याच कारणास्तव चांगले कारखानदार पाट्याची बैठकसुद्धा नळीच्या फक्त पुढच्या व मागच्या अंगाला जोडतात, वर किंवा खाली नाही. शिवाय वितळलेला धातू थिजताना आकसतो आणि पोटाची बाजू आखडून मध्य आणखी वर उचलतो. ही आकस आधीच हिशेबात धरणारा वेल्डर मी पाहिला म्हणजे मला त्याच्याविषयी आदर वाटतो, कारण त्याने केवळ दोन तुकडे जोडले नाहीत, तर धातू उद्या काय करील हेही विचारात घेतले. आणि एवढे सगळे नीट झाले तरी पाटीवरचा आकडा वाढत नाही. पाटे, बेअरिंगे आणि टायर पूर्वीचेच राहतात, हे मालकाला बजावून सांगणे हेही कारागिराचे कर्तव्य आहे.

१९६१ साली एअरस्ट्रीमने पाट्यांच्या जागी ‘ड्युरा-टॉर्क’ नावाचा रबरी आस स्वीकारला. पोलादाच्या नळीत दांडा, आणि दोहोंच्या मधल्या जागेत दाबून बसविलेल्या रबराच्या कांबी. चाक उचलले की दांडा फिरतो व रबर तो पीळ सोसते. चाल मऊ झाली, पाट्यांचा आवाज गेला, वंगण देण्याचे काम वाचले, आणि प्रवाशांना तो प्रकार आवडला यात नवल नाही. तथापि काही दशकांनी हे रबर कडक होऊन बसते, आणि ते काढून नवे घालण्याची सोय दुकानदाराजवळ नसते. तापवून चालत नाही, वेल्डिंग करून चालत नाही, आस संपूर्ण उतरवून नवा मागवावा लागतो. सोयीच्या बाबतीत हा आस सरस आहे, हे मान्य करूनही, ज्याचा दोष ओळंब्याने मोजता येतो आणि साखळी, तुळई व जॅक यांच्या साह्याने गावच्या कारागिराला काढता येतो, तो पाट्यांवरचा साधा नळीचा आसच फिरत्या घराला अधिक योग्य, असे माझे मत आहे. आणि अमेरिकेतील साध्या किमतीचे बहुसंख्य ट्रेलर आजही त्याच्यावरच चालतात.